उष्टा माउथ ऑर्गन

माउथ ऑर्गन कुणी कुणाला उसना देत नाही. पेटी देतील, तबल्याची जोडी देतील, एखादा भला माणूस तानपुराही देईल. पण ओठांना लावून वाजवायची वस्तू म्हणजे उष्टं. गिरगावातल्या आमच्या चाळीत बाबांचा माउथ ऑर्गन कपाटाच्या वरच्या फळीवर हातरुमालात गुंडाळलेला असायचा आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती. वाद्याच्या पावित्र्याबिवित्र्याचा प्रश्न नव्हता. "तुमची शेंबडी तोंडं लागतील त्याला," एवढंच आईचं म्हणणं.

म्हणून सहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मेम्फिसमधल्या एका बारमध्ये, रविवारच्या संध्याकाळी, सत्तरीच्या एका अनोळखी कृष्णवर्णीय गृहस्थांनी आपला हार्प शर्टाच्या बाहीला दोनदा पुसून माझ्या हातात ठेवला, तेव्हा काय बोलावं ते मला सुचेना. हार्प म्हणजे माउथ ऑर्गनच. इथले ब्लूजवाले, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज हे संगीत वाजवणारे, त्याला हार्मोनिकासुद्धा क्वचितच म्हणतात. मी स्टेजवर उभा, मागे ड्रमर बाई काड्या हातात धरून थांबलेल्या, समोर वीसेक माणसं, आणि हार्प अजून कोमट.

आम्ही मेम्फिसला आलो ते नोकरीमुळे. एका मोठ्या कुरिअर कंपनीचं मुख्यालय इथं असल्यानं संगणकातली बरीच मंडळी या गावात येऊन पडतात, त्यातलाच मी. पहिली दहा-बारा वर्षं ब्लूजशी माझा संबंध काय, तर भारतातून पाहुणे आले की त्यांना बील स्ट्रीट या ब्लूजच्या प्रसिद्ध रस्त्यावर फिरवून आणायचं. मग मुलगा कॉलेजला गेला, घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि बाबा गेल्यानंतर मुंबईहून आणलेला त्यांचा माउथ ऑर्गन खणातून बाहेर आला. लांबलचक, चोवीस भोकांचा. त्यात एका सुराला दोन रीड, म्हणजे थरथरून सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, असतात, एकमेकींपासून किंचित उतरवून लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. गणपतीत चाळीच्या कार्यक्रमात बाबा त्यावर हिंदी सिनेमातली गाणी वाजवत आणि समोरच्या बिल्डिंगमधून वन्स मोअर येई. मला वाटलं, यावर ब्लूजही वाजेल. वाजला नाही. दोन रीड एकमेकींना धरून बसतात, सूर वाकू देत नाहीत, आणि सूर वाकला नाही तर ब्लूजमध्ये उरतं काय?

ब्लूजला लागतो तो दहा भोकांचा, वीस रीडचा, तळहातात मावणारा हार्प. जर्मनीतल्या होनर कंपनीनं १८९६ साली मरीन बँड नावाचा हार्प बाजारात आणला, तो अजून मिळतो. जर्मन लोकांनी तो बनवला घरगुती लोकगीतं आणि पोल्का फुंकण्यासाठी. अमेरिकेच्या दक्षिणेत तो कापसाच्या शेतांवर काम करणाऱ्या लोकांच्या हातात पडला आणि त्यांनी त्याचं तंत्रच उलटं केलं. फुंकायचं कमी, ओढायचं जास्त. सी सुराच्या हार्पवर ब्लूज वाजवायचा तो सीमध्ये नव्हे, जीमध्ये. दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की जी मिळतो. तो आपला षड्ज. तिसऱ्या भोकातून ओढला की शुद्ध गंधार. ओढता ओढता जीभ मागे घेतली, तोंडाची पोकळी बदलली, की तोच सूर घसरत कोमल गंधारावर येतो. आणि ब्लूजचा गंधार या दोन्हींच्या मधे कुठंतरी लोंबकळत असतो. पेटीवर तो सापडणार नाही, कारण पेटीला तशी पट्टीच नाही.

माझी बहीण गाणं शिकलेली आहे. तिला हा गंधार फोनवर वाजवून दाखवला तर म्हणाली, "अरे, लागत नाहीये तुझा." म्हटलं, बाई, लावायचाच नाहीये. मग दरबारीतला आंदोलित गंधार कसा कोमलापेक्षाही खाली असतो आणि हा कसा वर, यावर आमचा अर्धा तास वाद झाला. त्या अर्ध्या तासात तिनं मला तीन वेळा 'बेसुरा' म्हटलं, हे नोंदवून ठेवतो.

तर, तो रविवार. गावाच्या मध्यावर असलेला बार, दर्शनी भागात काही नाही, आत छत बुटकं आणि सिगरेटचा वास भिंतींत मुरलेला. दारापाशी स्टुलावर एक कागद आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल. कागदावर नाव लिहायचं, पुढं वाद्य लिहायचं. यालाच जॅम म्हणतात. ड्रम, बेस आणि एक गिटार वाजवणारी बारच्या घरची मंडळी कायम बसलेली असतात. बाकीच्यांना यादीप्रमाणं पुकारतात, तीन गाणी देतात आणि खाली उतरवतात. माझं नाव काही त्या मंडळींच्या म्होरक्याला वाचता येईना. त्यानं "फ्रॉम बॉम्बे, ऑन हार्प" असं पुकारलं, आणि तेव्हापासून त्या बारमध्ये माझं नाव बॉम्बे आहे.

गिटारवाल्यानं विचारलं, कुठल्या सुरात? माझ्याकडं एकच हार्प, सीचा. मी ते सांगायच्या आत त्यानं ड्रमर बाईंकडं वळून सांगितलं, "शफल इन ई." म्हणजे ई सुरात, डुलत्या ठेक्यात. गिटारवाल्यांचा ईवर भारी जीव, मोकळ्या तारा मिळतात. सीच्या हार्पवर ईमधलं गाणं म्हणजे काय होतं हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं काळी एकची पेटी आणि पांढरी पाचचा गवई एकत्र बसवून बघावं. पहिल्या सोळा मात्रांतच पुढच्या टेबलावरची बाई माझ्याकडं अशा करुणेनं बघायला लागली की मी डोळे मिटून घेतले. गिटारवाल्यानं मूठ वर केली. मूठ वर म्हणजे थांबा.

तेव्हा कोपऱ्यातून ते टोपीवाले काका उठले. त्यांचं नाव मला नंतर कळलं, पण मनात ते टोपीवाले काकाच राहिले. त्यांच्या कमरेला पट्टा होता, बंदुकीच्या गोळ्यांचा असतो ना, तसा. त्यात गोळ्यांच्या जागी हार्प. बारा सुरांचे बारा. त्यातला एक त्यांनी काढला, पुसला, दिला. "ईला ए लागतो, बेटा," असं म्हणाले. म्हणजे 'सन' म्हणाले. पण इतक्या सहज, की मला ते मराठीतच ऐकू आलं. मी ओठांना लावायला एक सेकंद उशीर केला. तेवढ्या सेकंदात आई, फळी, हातरुमाल सगळं येऊन गेलं. मग ओढला.

खाली उतरल्यावर परत द्यायला गेलो तर हातानंच नको म्हणाले. "तुझी थुंकी लागली आता. पुढच्या रविवारी घेऊन ये."

पुढच्या रविवारी, यात सगळं आलं. ब्लूज म्हटलं की लोकांना महोत्सव आठवतात, पोस्टर आठवतात. पण गावातलं हे संगीत चालतं ते वारावर, जसं आमच्या चाळीत गुरुवारचं भजन चालायचं. भजनाला कोण आलं आणि कोण नाही यावरून कुणाच्या घरी आजारपण आहे ते कळायचं. इथं यादीवरून कळतं. बेसवाला दोन रविवार दिसला नाही की कुणीतरी त्याच्या घरी डबा घेऊन जातं. ड्रमर बाई दिवसा शाळेची बस चालवतात. म्होरक्या एअर कंडिशनर दुरुस्त करतो आणि जुलैत त्याला जॅमला यायला उशीर होतो, कारण जुलैत मेम्फिसमध्ये सगळ्यांचेच एसी बंद पडतात. स्टेजच्या कडेला लोणच्याची असावी तशी एक मोठी बरणी असते, त्यात येणारे-जाणारे नोटा टाकतात. घरच्या मंडळींना मिळणाऱ्या पैशांपैकी निम्मे त्या बरणीतून येतात.

जॅमचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण पाळले नाहीत तर लगेच कळतं. बारा बारचं (हा बार म्हणजे तालाचा एक खंड) आवर्तन असतं. एकतालाशी त्याचा संबंध नाही. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचं. गाण्याची ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जागा सुटते. तिथं हार्पनं किंवा गिटारनं बोलायचं. गायक गात असताना बोलायचं नाही, आणि हाच नियम नवशिक्यांकडून सगळ्यात जास्त मोडला जातो. म्होरक्या चार बोटं दाखवतो तेव्हा चौथ्या सुराच्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीवर, जायचं. कधी ते आवर्तनाच्या दुसऱ्याच बारमध्ये येतं, त्याला क्विक चेंज म्हणतात. शेवटच्या दोन बारमध्ये टर्नअराउंड, आपल्याकडं तिहाई घेऊन समेवर येतात त्याच जातीचं काम. आणि कुणी फार वेळ वाजवत बसला तर म्होरक्या त्याच्याकडं न बघता बाटलीतलं पाणी पितो. ते पाणी पिणं बघून मी आजवर चार वेळा थांबलो आहे.

या रविवारच्या मंडळींचं बील स्ट्रीटशी नातं गुंतागुंतीचं आहे. काहीजण तिथं शुक्रवार-शनिवारी पोटापाण्यासाठी वाजवतात आणि रविवारी इथं येऊन मोकळे होतात. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी 'मेम्फिस ब्लूज' १९१२ साली छापला, तेव्हा हा रस्ता कृष्णवर्णीय दक्षिणेची राजधानी होता. गायक-गिटारवादक बी. बी. किंग मिसिसिपीतून इथं आले, १९४९ च्या सुमारास डब्ल्यूडीआयए रेडिओवर कार्यक्रम करू लागले आणि 'बील स्ट्रीट ब्लूज बॉय' या टोपणनावातल्या आद्याक्षरांनी पुढं जगभर ओळखले गेले. मग १९६८ साल आलं. सफाई कामगारांचा संप, २८ मार्चचा बील स्ट्रीटवरचा मोर्चा, आणि ४ एप्रिलला इथून चालत जाता येईल अशा लॉरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. त्यानंतरच्या वर्षांत शहर सुधारणेच्या नावाखाली आजूबाजूची वस्ती बुलडोझरखाली गेली आणि रस्ता ओसाड पडला. १९८३ मध्ये तो पुन्हा सुरू झाला तो पर्यटकांसाठी. निऑनचे दिवे आहेत, प्लास्टिकच्या पेल्यातली बिअर आहे, आणि दर तिसऱ्या दारातून तीच सात-आठ गाणी येतात. वाजवणारे उत्तम असतात. पण त्याच फर्माइशी रोज रात्री वाजवून त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या बँडवाल्यांची कळा आलेली असते.

जानेवारीत मात्र हा रस्ता माझ्या डोळ्यांदेखत बदलतो. इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंज ही स्पर्धा इथं १९८४ पासून होते. भरवते ती ब्लूज फाउंडेशन, १९८० साली स्थापन झालेली संस्था. तिचं छोटं, नेटकं ब्लूज हॉल ऑफ फेम संग्रहालय २०१५ पासून साउथ मेन रस्त्यावर, त्याच लॉरेन मोटेलच्या शेजारी आहे. स्पर्धेची रचना मी मित्रांना एका वाक्यात समजावतो: राज्य नाट्य स्पर्धा. गावोगावच्या ब्लूज मंडळांनी आधी आपापल्या गावात प्राथमिक फेरी घ्यायची, जिंकणाऱ्यांना मेम्फिसला पाठवायचं. इथं बील स्ट्रीटच्या बारमधून उपांत्यपूर्व आणि उपांत्य, आणि मग मोठ्या सभागृहात अंतिम फेरी. बँडचा एक विभाग, एकट्या-दुकट्यांचा दुसरा. गाण्याला, वाद्याला, मौलिकतेला, रंगमंचावरच्या वावराला गुण. वेळ ओलांडली तर गुण कापतात. आणि निकालानंतर परीक्षकांच्या नावानं बोटं मोडायची परंपरासुद्धा अगदी तीच. एक रकाना मला फार आवडतो. त्याचं नाव 'ब्लूज कंटेंट'. म्हणजे यात ब्लूज किती आहे? दुधात पाणी किती, तसं. परीक्षक तो आकडा कसा काढत असतील याचा मी पुष्कळ विचार केला आहे. टोपीवाले काका दोन वर्षं परीक्षक होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मान आपोआप हलली की मी लिहून टाकतो."

बाहेरगावच्या मंडळांची वर्षभर धावपळ चालते ती कलाकारांचं विमानभाडं जमवण्यासाठी. माशांचं तळण विकायचं, सोडत काढायची, जुन्या रेकॉर्डी लिलावात काढायच्या. युरोपातून, ऑस्ट्रेलियातून माणसं येतात. भारतातूनही आली आहेत: शिलाँगचा सोलमेट हा बँड २००७ मध्ये इथं स्पर्धेत उतरला होता. मेम्फिसच्या मंडळींचं दुःख वेगळं. आमच्या विजेत्याला विमान लागत नाही, फक्त पार्किंग लागतं. आणि त्या आठवड्यात बील स्ट्रीटजवळ पार्किंगचे दर असे चढतात की विमानाचं तिकीट परवडलं.

गेली चार वर्षं मी तिथं स्वयंसेवक आहे. दारात मनगटी पट्टे तपासायचे, वेळेच्या पाट्या दाखवायच्या. पाच मिनिटं उरली, एक मिनिट उरलं. एकदा लांबून आलेल्या एका बँडच्या गायकाला मी 'एक मिनिट'ची पाटी दाखवली आणि त्यानं ती वाचून, गाणं न तोडता, तालात बसवून तिच्यावरच एक कडवं रचून टाकलं. माझ्या चष्म्यासकट. प्रेक्षकांत हशा पिकला. मी त्याला अख्खं कडवं संपवू दिलं आणि मगच घड्याळाकडं पाहिलं. हे आयोजकांना कृपया कुणी सांगू नये.

स्पर्धेत खटकतं तेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी दारात उभं राहून मी सहज माणसं न्याहाळत होतो. आत जाणारे बहुतेक गोरे, बहुतेक साठीपलीकडचे, महोत्सवांचे जुने टी-शर्ट घातलेले, आणि संगीतावर मनापासून प्रेम करणारे. ज्यांच्या घरात हे गाणं जन्मलं त्यांची नातवंडं त्यात फार थोडी. आमच्या जॅममध्ये यावर उघड बोलणं होत नाही, पण ड्रमर बाई एकदा म्हणाल्या, माझ्या नातीला हे गाणं म्हणजे आजीच्या स्वयंपाकघरातला रेडिओ वाटतो. मला पुण्या-मुंबईतले लावणी महोत्सव आठवले. सभागृहात कोण बसलेलं असतं आणि संगीतबारीत कोण, ते आठवलं. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावचा ख्रिस्टोन 'किंगफिश' इंग्रॅमसारखा एखादा मुलगा निघतो. १९९९ चा जन्म, तिथल्या डेल्टा ब्लूज म्युझियमच्या शिकवणीत गिटार शिकलेला, २०२२ मध्ये ग्रॅमी मिळवणारा. त्याचं नाव निघालं की आमच्या बारमधली सगळी मंडळी घरचा मुलगा पास झाल्यासारखं बोलतात. पण एकाच मुलाचं नाव सगळ्यांना घ्यावं लागतं, यातच काय ते आलं.

क्लार्क्सडेल इथून दक्षिणेला सव्वाशे किलोमीटर. हायवे ६१ धरायचा. शहर संपलं की जमीन अशी सपाट होते की आपण पाटावर ठेवलेल्या वस्तूसारखे दिसत असणार असं वाटतं. एप्रिलमध्ये तिथं ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल असतो. ज्यूक जॉइंट म्हणजे शेतमजुरांचा शनिवार रात्रीचा अड्डा: पत्र्याचं छप्पर, दारू, तळलेले मासे, एक गिटार. खरे ज्यूक जॉइंट आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. क्लार्क्सडेलचा रेड्स लाउंज चालवणारे रेड पेडन २०२३ च्या डिसेंबर अखेरीस वारले, तेव्हा आमच्या रविवारी म्होरक्यानं एक आवर्तन मुकं सोडलं. फक्त ड्रम. अठ्ठेचाळीस मात्रा.

त्या गावाची लोकसंख्या जेमतेम पंधरा हजार. ब्लूजचे मोठे गायक मडी वॉटर्स तिथल्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवत, १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे ॲलन लोमॅक्स यंत्र घेऊन आले आणि त्यांनी मडींचं गाणं मुद्रित केलं, दोन वर्षांनी मडी वॉटर्स आगगाडीत बसून शिकागोला गेले. त्यानंतर वर्षभरात, १९४४ मध्ये, जवळच्याच हॉप्सनच्या मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळा कापूस यंत्रानं निघाला. माणसांची गरज संपत आली, गाड्या भरभरून उत्तरेला गेल्या. माझे आजोबा रत्नागिरीहून बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि परळच्या गिरणीत लागले, तेही याच सुमारास. आणि गिरणगावानं शाहीर दिले तसे शिकागोनं विजेवर वाजणारे ब्लूजवाले दिले. हे साम्य मी एकदा जॅममध्ये सांगायचा प्रयत्न केला. कोकणात कापूस पिकत नाही इथपासून सुरुवात करावी लागली, मग सोडून दिलं.

क्लार्क्सडेलहून थोडं पुढं टटवायलर नावाचं खेडं आहे. १९०३ च्या सुमारास तिथल्या स्टेशनात गाडीची वाट बघत असताना हँडींनी एका फाटक्या कपड्यांच्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी फिरवत एकच ओळ तीनदा गाताना ऐकलं, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. मी गेलो ते त्यासाठी नव्हे. गावाबाहेर, झाडीत, सनी बॉय विल्यमसन यांची कबर आहे. या नावाचे दोन हार्पवाले होऊन गेले, त्यातले हे दुसरे, राइस मिलर म्हणूनही ओळखले जाणारे. नदीपलीकडं आर्कान्साँतल्या हेलेना गावी १९४१ मध्ये केएफएफए केंद्रावरून 'किंग बिस्किट टाइम' हा कार्यक्रम सुरू झाला आणि हे त्यात हार्प वाजवायला लागले. किंग बिस्किट हा पिठाचा ब्रँड. कार्यक्रम दुपारी सव्वाबाराला, कारण तेव्हा शेतावरची माणसं जेवायला बसत. ऐकणारे इतके वाढले की कंपनीनं सनी बॉय यांच्या नावाचं मक्याचं पीठ काढलं आणि पोत्यावर त्यांचं चित्र छापलं. कार्यक्रमाचे निवेदक सनी पेन १९५१ पासून २०१८ मध्ये मरेपर्यंत तोच माइक धरून होते. सदुसष्ट वर्षं! आपल्याकडं 'कामगार सभा' लागली की जेवणाची वेळ कळायची, तसं त्या मुलखातल्या दोन-तीन पिढ्यांचं झालं असणार.

कबरीवर हार्प ठेवायची पद्धत आहे. गंजलेले, पावसानं फुगलेले, लाकडी पट्ट्या उकललेले. निरनिराळ्या देशांतून आलेल्या माणसांनी ठेवलेले. मी माझा एक ठेवला. चौथ्या भोकाची रीड गेलेला. ओढून वाजवणाऱ्यांचा हार्प आधी तिथंच मरतो, दोन-चार महिन्यांत. चांगला ठेवायला हवा होता का, असा विचार परतीच्या वाटेवर आला. पण ज्यांनी आयुष्यभर इतक्या रीड मोडल्या त्यांना मोडकी रीड कळली असती.

सध्या डिसेंबर आहे आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरवर खुणा सुरू झाल्या आहेत. जानेवारीत स्पर्धा. एप्रिलमध्ये ज्यूक जॉइंट. राहायची सोय एव्हाना संपलेली असते, त्यामुळं रात्री दोनला गाडी हाकत परत यायचं. मे महिन्यात फाउंडेशनचे पुरस्कार, ज्याचं तिकीट माझ्यासारख्याला महाग वाटतं. ऑक्टोबरात हेलेनाला किंग बिस्किट महोत्सव, १९८६ पासून चालत आलेला. नदीच्या बांधावर सतरंजी टाकून ऐकायचा, सोबत दशम्या आणि चटणी. मुंबईतल्या मित्राचा निरोप येतो तो वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवाच्या आठवणींचा; २०११ साली पहिल्याच वर्षी तिथं शिकागोचे गिटारवादक बडी गाय आले होते आणि तो पुढच्या रांगेत होता, हे तो मला दर वर्षी नव्यानं सांगतो. मी मेम्फिसमध्ये राहतो याचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

अडचण जानेवारीची आहे. इथल्या पंचवीस-तीस मराठी घरांचं हळदीकुंकू यंदा नेमकं स्पर्धेच्या अंतिम फेरीच्या शनिवारी आलंय. खुर्च्या मांडायचं, मसाला दुधाचं पातेलं हलवायचं काम नेहमी माझ्याकडं. बायकोशी वाटाघाटी चालू आहेत. आत्ता तोडगा असा आहे की मी दुपारी तीनपर्यंत खुर्च्या मांडायच्या, साडेतीनला निघायचं, आणि दारावर उभं राहून मनगटी पट्टे तपासताना स्वयंसेवकांना तिळगूळ वाटायचा. गेल्या वर्षी वाटला होता. ड्रमर बाईंनी एक वडी खाल्ली, चारदा दातांत अडकली म्हणून तक्रार केली आणि जाताना सहा पर्समध्ये टाकल्या.

टोपीवाले काका हल्ली दर रविवारी येत नाहीत. गुडघा बदललाय आणि बारला तीन पायऱ्या आहेत. त्यांनी दिलेला एचा हार्प मी वाजवून वाजवून मारला, त्याच्या रीड एकदा बदलल्या, पुन्हा मारला. आता तो खणात आहे, बाबांच्या शेजारी. त्यांच्याकडून घेतलेलं एक काम मात्र मी करतो. पिशवीत एचा एक कोरा, सीलबंद हार्प ठेवायचा. ईमध्ये अडकलेला कुणी आला तर द्यायला.

गेल्या रविवारी आली. कॉलेजातली मुलगी, भारतीय वंशाचीच, बहुधा तेलुगू; हातात नवा कोरा सीचा हार्प. गिटारवाल्यानं मागं वळून "शफल इन ई" म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला लांबूनच ओळखता आलं. मी उठलो, पिशवीत हात घातला. सीलबंद डबी घरी, जेवणाच्या टेबलावर. शनिवारी पिशवी झाडली होती ना!

मग माझाच काढला. बाहीला दोनदा पुसला आणि पुढं धरला.

तिनं हार्पकडं पाहिलं, माझ्या बाहीकडं पाहिलं. पर्स उघडली, जंतुनाशकाचा ओला कागद काढला, हार्प वरून, खालून, दोन्ही कडांनी पुसला, भोकांवरून एकदा सावकाश फिरवला, आणि कागद चुरगाळून माझ्याच हातात दिला. आईला ती फार आवडली असती. ड्रमर बाईंनी चार मोजले. मुलगी गायकाच्या अंगावरच वाजवत सुटली, म्होरक्यानं पाण्याची बाटली उचलली, तिला काही ते कळलं नाही.

परत देताना तिनं तो पुन्हा पुसला.